गेम आणि अ‍ॅनिमेशनवर खरंच अकॅडमिक रिसर्च होतो का, की नुसती सॉफ्टवेअरच शिकवतात?

होतो, आणि भरपूर होतो, फक्त तो दोन वेगळ्या वाटांनी चालतो म्हणून शोधताना गोंधळ उडतो. एक टेक्निकल, म्हणजे कॉम्प्युटर ग्राफिक्स: त्यातली सिग्राफ ही कॉन्फरन्स १९७४ पासून चालू आहे. क्रेग रेनॉल्ड्सचा १९८७ चा बॉइड्सवरचा (कॉम्प्युटरमधल्या पक्ष्यांच्या थव्यावरचा) पेपर तिथलाच, त्यात प्रत्येक पक्षी फक्त आजूबाजूच्यांकडे बघून तीन नियम पाळतो (धडकायचं नाही, वेग-दिशा जुळवायची, घोळक्याच्या मध्याकडे सरकायचं) आणि थवा आपोआप उडायला लागतो, कोणी एकेक पक्षी हाताने हलवत बसत नाही, मला तर हे अजूनही भारी वाटतं. केन पर्लिनचा नॉइजवरचा (आवाज नव्हे, नैसर्गिक वाटेल असा ओबडधोबडपणा गणिताने तयार करायची पद्धत) पेपरही तिथलाच, १९८५ चा, त्यावर आज गेममधले ढग-डोंगर बनतात. दुसरी वाट गेम स्टडीजची, म्हणजे नियम, गोष्ट, खेळणाऱ्याचं वागणं वगैरे. याच नावाचं जर्नल २००१ पासून आहे आणि फुकट वाचता येतं, सुरुवात तिथून करा. फक्त एक, ग्राफिक्सचे पेपर लिनिअर अल्जेब्रा (व्हेक्टर-मॅट्रिक्सचं गणित) येत असल्याशिवाय डोक्यावरून जातात, आणि नुसते पेपर वाचून गेम बनवता येईल असंही नाही.