आडवी पावलं शिकवताना

घोडं चार वर्षांचं आणि तूही नवखा, म्हणजे दोघंही शिकाऊच. तेव्हा सुरुवातीला दुडकी नको, कदम चालीवरच कर. आधी पुढच्या पायांभोवती मागचा भाग फिरवायला शिकव. उजवी पोटरी खोगिराच्या पट्ट्याच्या जरा मागं दाब, एक पाऊल पडलं की लगेच सैल सोड. तुझ्या पायाचा दाब सुटला की त्याला कळतं, हेच हवं होतं.

मग लेग यील्ड, म्हणजे पुढं चालता चालता पायाच्या दाबानं घोड्याला बाजूला सरकवणं. कुंपणापासून दोन-तीन मीटर आत सरळ चाल आणि आतल्या पायानं त्याला बाहेर सरकव. कुंपण घोड्याला ओढतंच, निम्मं काम तिथंच होतं. मान किंचित आत, आतल्या डोळ्याची पापणी दिसेल एवढीच. नवखे इथंच आतला लगाम ओढतात. मग मान वाकते, खांदा बाहेर पळतो आणि मागचे पाय आपले सरळच चालतात. मीही वर्षभर हेच केलं! बाहेरचा लगाम धरून ठेव. शोल्डर-इनला, म्हणजे घोड्याचे खांदे कुंपणापासून आत घेऊन चालवायला, साधारण ३० अंशांचा कोन लागतो, त्याची यंदा घाई नको.

आणि आपलं सोलापूरचं ऊन माहितीये ना? एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आटप. काळ्या रानात नको, भेगांत खूर अडकतो. वाळू टाकलेली जागा बघ. चार पावलं नीट पडली की मान थोपट आणि उतर.