ठाण्याहून जर्मनीला गेल्यावर किराणा आणि वाईन खरंच महाग पडते का?

तुमचा प्रश्न असा आहे: नवरा-बायको आणि सहा वर्षांची मुलगी, घोडबंदर रोडवरून थेट स्टुटगार्टला. किराणा आणि आठवड्याला वाईनची एखादी बाटली, यासाठी महिन्याला किती धरावं आणि ते ठाण्यापेक्षा किती महाग? आकडा देतो, पण खाली. आधी तुलनेची पद्धत बघू, कारण बहुतेक लोक तिथेच घसरतात. खारघरच्या माझ्या साडूंशी याच मुद्द्यावर माझा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. तो एकदा लिहूनच टाकतो.

साडूंचं म्हणणं असं: जर्मनीत कोथिंबिरीची जुडी दीडशे रुपये, भेंडी सातशे रुपये किलो, पाण्याची बाटली पन्नास रुपये, मग तिथे माणसाने खायचं काय? हिशेबाच्या सोयीसाठी युरो 100 रुपयांचा धरला तर हे तिन्ही आकडे दुकानाच्या बिलावर सापडतात. तरी निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

आधी पाणी. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडची दीड लिटरची बाटली 25-30 सेंटला मिळते. त्यावर 25 सेंट डिपॉझिट, म्हणजे 'फांट'. बिलावर ही ओळ वेगळी छापलेली असते, पण बेरजेत मिळवलेली असते. बाटली परत केली की पैसे परत. प्लास्टिकची एकदाच वापरायची बाटली आणि ॲल्युमिनियमचा डबा 25 सेंट, बिअरची काचेची बाटली बहुधा 8 सेंट, पुन्हा भरायच्या इतर बऱ्याच बाटल्या 15 सेंट. 2024 पासून दुधाच्या प्लास्टिक बाटल्यांवरही 25 सेंट आहेत. दुकानाच्या दाराशी मशीन असतं. त्यात बाटली टाकायची, येणारी चिठ्ठी घेऊन कॅश काउंटरवर पैसे घ्यायचे किंवा बिलातून वजा करायचे. बाटली चेपू नका आणि लेबल काढू नका. मशीन बारकोड आणि डिपॉझिटची खूण वाचतं, ती दिसली नाही तर बाटली परत येते. महिन्याची बिलं मांडताना डिपॉझिटच्या ओळी आधी बाजूला काढा. पाणी आणि ज्यूस जास्त लागणाऱ्या घरात सुरुवातीला महिन्याला वीस-पंचवीस युरो यातच फुगलेले दिसतात. शिवाय तिथल्या नळाचं पाणी पिण्याचंच असतं, त्यामुळे बाटली आणायची की नाही हा आवडीचा भाग आहे.

भेंडी जर्मनीत पिकत नाही म्हटलं तरी चालेल. ती लांबून, पुष्कळदा विमानाने येते, आणि सातशे रुपयांत ते भाडं असतं. भेंडी, तोंडली, गवार, शेवग्याच्या शेंगा या यादीने जर्मनीचा किराणा मोजणं म्हणजे ठाण्यात ब्लूबेरी आणि ॲव्होकॅडोच्या दरावरून गावदेवीची मंडई महाग ठरवण्यासारखं आहे. त्या दुकानात त्याच दिवशी कोबी, गाजर, फ्लॉवर, बटाटा, लाल भोपळा काय भावाने होते ते बघा. बटाटे-गाजरं साधारण एक ते दीड युरो किलो असतात. रुपयांत हे ठाण्यापेक्षा जास्तच आहे, ते मी नाकारत नाही. पण 'सातशे रुपये किलो भाजी' हे चित्र खोटं आहे.

आणि कोथिंबीर. सुपरमार्केटमधल्या प्लास्टिकच्या पाकिटात 30-40 ग्रॅम असते. तुर्की दुकानात तेवढ्याच किंवा कमी पैशांत चांगली मोठी जुडी मिळते. स्टुटगार्टमध्ये, विशेषतः बाड कानस्टाट भागात, तुर्की दुकानं भरपूर आहेत. पुदिना, मोठा पालक, वांगी, मिरच्या, मसूर डाळ, काबुली चणे हे सगळं तिथून घ्या. भारतीय दुकानातून फक्त तूरडाळ, पोहे, हिंग, गूळ, कढीपत्ता आणि कणीक. सगळं भारतीय दुकानातून घेणाऱ्या माणसाचं बिल फुगणारच, आणि त्याचा दोष देशाला देता येत नाही.

आता पद्धत. जर्मनीत शेल्फवरच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात पाकिटाची किंमत आणि खाली बारीक अक्षरात किलोचा किंवा लिटरचा दर लिहावाच लागतो. नेहमी तो बारीक आकडा टिपा. आपल्याकडेही आता पाकिटावर दर ग्रॅम किंवा दर मिलिलिटर किंमत छापलेली असते, तीच घ्या. तेलाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. ठाण्यात एक लिटर म्हणजे वजनाने साधारण 910 ग्रॅम, आणि शेजारी त्याच आकाराच्या दिसणाऱ्या कमी वजनाच्या पिशव्या असतात. किलो-किलोत मांडलं तर सूर्यफूल तेल दोन्हीकडे जवळपास एकाच भावात बसतं. पास्ता, ऑलिव्ह तेल, चॉकलेट, ओट्स, चीज या वस्तू तर थेट शंभराने गुणूनही तिकडे बरोबरीच्या किंवा स्वस्त निघतात. साडूंच्या यादीत यातली एकही नाही.

दुधात फॅट जुळवा. आपलं फुल क्रीम 6 टक्के फॅटचं असतं, गाईचं साडेतीनच्या आसपास. जर्मन 'फोलमिल्श' साडेतीनचं, म्हणून तुलना गाईच्या दुधाशी करा. ते तिकडे साधारण एक युरो ते एक युरो वीस सेंट लिटर, इकडे साठ-पासष्ट रुपयांच्या आसपास. 'हा-मिल्श' म्हणजे टिकाऊ दूध. त्याचं दही उत्तम लागतं, वेगळं उकळायची गरज नाही, कोमट करून विरजण लावा. पनीर मात्र त्याचं करू नका. जास्त तापवल्याने दुधाच्या निवळीतली प्रथिनं बदललेली असतात आणि दूध फाटलं तरी चोथा भुसभुशीत राहतो. पनीरला फ्रीजमधलं ताजं दूध घ्या.

तूप विकत घेऊ नका, कढवा. जर्मन लोण्यात निदान 82 टक्के फॅट असतं, म्हणजे 250 ग्रॅमच्या चार पाकिटांतून साधारण 780-800 ग्रॅम तूप हाती येतं. लोणी किलोला 8 युरो असेल तर तूप सुमारे 10 युरो किलो पडतं. लोण्याचे भाव फार हलतात, तेव्हा ऑफरच्या आठवड्यात सात-आठ पाकिटं घेऊन फ्रीझरमध्ये टाका. बिनमिठाचं घ्या आणि आच मंद ठेवा, नाहीतर बेरी लवकर करपते.

कणकेचा घोटाळा प्रत्येक घरात होतो. 'टाइप 405' हा आपला मैदा आहे, स्वस्त दिसतो म्हणून त्याच्या पोळ्या करू नका. 'फोलकॉर्न' संपूर्ण गव्हाचं असलं तरी कोंडा जाड असतो आणि पीठ आपल्या चक्कीसारखं दाबून दळलेलं नसतं, त्यामुळे पाणी कमी धरतं आणि पोळी तासाभरात कडक होते. नाइलाज असेल तर टाइप 1050 (थोडा कोंडा राखलेलं पीठ) दोन वाट्या आणि बारीक फोलकॉर्न एक वाटी घ्या, कोमट पाण्याने भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. तरीही भारतीय दुकानातली 10 किलोची पिशवीच बरी. किलोमागे दीड युरोच्या आसपास पडते आणि पोळी मऊ राहते.

बिलाच्या तळाशी कराचे दोन दर दिसतील: बहुतेक खाद्यपदार्थांवर 7 टक्के, वाईन-बिअर आणि घरसामानावर 19. ज्यूसवर आणि पाण्याच्या बाटलीवरही 19. प्रत्येक ओळीपुढे ए किंवा बी असतं, पण कोणतं अक्षर कोणत्या दराचं हे दुकानागणिक बदलतं, म्हणून तळाची टीप वाचा. किराणा आणि इतर खरेदी वेगळी करायची ही सोपी युक्ती आहे.

वाईनमध्ये साडूंचा हिशेब पूर्ण कोसळतो, कारण इथे त्यांच्या पद्धतीने गुणलं तरी जर्मनी स्वस्त निघते. तिथे साध्या वाईनवर उत्पादन शुल्क शून्य आहे, फक्त 19 टक्के व्हॅट. फेसाळत्या वाईनवर मात्र 750 मिलीच्या बाटलीमागे 1.02 युरो कर आहे. हा कर 1902 साली कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, आरमारासाठी लावला होता, आरमार गेलं तरी कर राहिला. डिस्काउंट दुकानात पिण्याजोगी बाटली 3 ते 5 युरोला मिळते, आणि 7-8 युरोत थेट द्राक्षबागायतदाराची चांगली रीसलिंग (जर्मनीची प्रसिद्ध पांढरी वाईन) येते. ठाण्यात नाशिकची साधी बरी बाटली हजाराच्या आसपास जाते. तीही राज्याने 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिलेली असताना. परदेशी बाटलीवर वर्षानुवर्षं एकूण 150 टक्के आयात शुल्क लागत आलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाईनला डिसेंबर 2022 च्या करारापासून काही सूट मिळाली, तीही ठरावीक किमतीच्या वरच्या बाटल्यांना. वर राज्याचा व्हॅट आणि परवानाधारक दुकानांची मोजकी साखळी. सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने जानेवारी 2022 मध्ये घेतला होता, विरोध झाला आणि तो अडकला. जर्मनीत हीच बाटली दूध-पावाच्या रांगेत असते, टँकरने आलेली वाईन मोठ्या प्रमाणावर भरली जाते आणि दुकान नफा कमी ठेवतं. नाशिकच्या शेतकऱ्याने माती करून ठेवली म्हणून आपली वाईन महाग नाही. विक्रीची व्यवस्था महाग आहे, आणि हे मी ठामपणे सांगतो.

स्टुटगार्टमध्ये एक सापळा लक्षात ठेवा. व्युर्टेम्बर्गच्या, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपासच्या भागातल्या, सहकारी संघांच्या ट्रॉलिंगर, लेम्बर्गर वगैरे तांबड्या वाईन एक लिटरच्या बाटलीतही येतात. 6 युरोची लिटर बाटली आणि 5 युरोची 750 मिली यांत लिटर स्वस्त आहे, लिटरचा दर बघितला की कळतं. लेबलवर 'ट्रॉकन' म्हणजे साखर जवळपास नाही, 'लीब्लिश' म्हणजे स्पष्ट गोड. नवखी माणसं लीब्लिश उचलतात आणि मग जर्मन वाईन सरबतासारखी लागते म्हणतात. मटणाच्या रश्श्याबरोबर लेम्बर्गर घ्या, थालीपीठ-भजीबरोबर ट्रॉकन रीसलिंग.

आता खरा हिशेब, मिनिटांचा: एखादी वस्तू घ्यायला किती मिनिटं काम करावं लागतं. जर्मनीत 1 जानेवारी 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. 1.10 युरोचं लिटरभर दूध म्हणजे कर कापण्याआधीची सुमारे पाच मिनिटं. ठाण्यात महिना 20,000 मिळवणाऱ्याचा तास, 26 दिवस आणि आठ तास धरून, 96 रुपयांचा. 65 रुपयांचं दूध त्याची चाळीस मिनिटं खातं. 4 युरोची वाईन तिकडे सतरा मिनिटं, हजाराची इकडे दहा तासांहून जास्त. साडूंना हा तक्ता पाठवला की ते म्हणतात, आपण थोडेच 20,000 कमावतो! बरोबर, म्हणून स्वतःचा हातात येणारा पगार महिन्याच्या कामाच्या तासांनी भागा, दोन्हीकडचा, आणि मग वस्तू मांडा. तुमची नोकरी जितकी चांगल्या पगाराची, तितका हा फरक कमी होत जातो. फक्त विनिमय दराने गुणणं कोणालाच लागू पडत नाही, कारण पगारही त्याच चलनात येतो.

तुमचा आकडा: घरी स्वयंपाक, आठवड्याला एकदा चिकन किंवा मासे, तिघांचा किराणा महिन्याला 400 ते 500 युरो. त्यात महिन्याच्या चार बाटल्यांचे 20-25 युरो धरा. अंडी, भाज्या, मासे ठाण्यापेक्षा स्पष्ट महाग. मासे तर फारच, आणि सुरमई-पापलेटची सवय असेल तर त्या खर्चाला वेगळी ओळ द्या.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हे सगळं जर्मनीपुरतं आहे, 'युरोप' म्हणून वापरू नका. इंग्लंडमध्ये साध्या बाटलीवर अडीच पौंडांहून जास्त शुल्क आणि वर 20 टक्के व्हॅट आहे, पण बहुतेक किराण्यावर व्हॅट शून्य. आयर्लंडमध्ये जानेवारी 2022 पासून किमान दर ठरलेला आहे, त्यामुळे नेहमीची बाटली साडेसात युरोच्या खाली जवळपास मिळत नाही. नॉर्वे-स्वीडनमध्ये वाईन सरकारी दुकानातूनच घ्यावी लागते. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात आणि ठाण्यासारखं दहा मिनिटांत सामान दारात येत नाही. शनिवारी साठा केला नाही तर रविवारी स्टेशनवरच्या दुकानात जादा मोजाल.

जाताना बॅगेत तूप, पेढे, श्रीखंड, पनीर नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस सोबत नेण्यावर बंदी आहे. हापूसही नाही, ताज्या फळांना रोगमुक्ततेचा दाखला लागतो, नारळ-केळी-अननस अशी मोजकी सोडून. गोडा मसाला, हिंग, सुकं खोबरं, डाळी खुशाल न्या. परत येताना भारतात माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे त्या लिटरच्या दोन बाटल्या. पहिल्या महिन्याचं बिल कोणालाही पाठवू नका, त्यात मसाल्याचा डबा, डाळी आणि दहा किलो कणीक भरलेली असते. तिसऱ्या महिन्यापासून मांडा, डिपॉझिट वजा करून, किलोच्या दराने.