वाचकांचे प्रश्न : नऊ सेंटीमीटरची चूक

(या महिन्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत अंदमानात अनेक वर्षं काम केलेल्या एक निवृत्त भूभौतिकशास्त्रज्ञ.)

भूकंप रोज होत नाहीत. मग भूकंप-संशोधक एरवी काय करतात? – एक वाचक, कराड

माझी आईही हेच विचारायची, आणि 'मग पगार कशाचा घेतेस?' हे न बोलता ऐकू यायचं. प्रश्न कराडहून आलाय म्हणून सांगते, ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पाटण तालुक्यात दुसरीत शिकत होते. आजीने मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं होतं. त्या भीतीपोटी मी या विषयाकडे वळले, असं सांगायला छान वाटतं. खरं कारण म्हणजे एम.एस्सी.ला जागा याच विषयात मिळाली.

नोकरी बहुतेक गेली ती दोन भूकंपांच्या मधला काळ मोजण्यात. अंदमान-निकोबारच्या पश्चिमेला समुद्रतळाशी भारतीय प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक अवाढव्य तुकडा, वर्षाला काही सेंटीमीटर अशी शेजारच्या प्लेटखाली शिरते. याला सबडक्शन झोन म्हणतात. शिरते, पण सुरळीत नाही. पावसाळ्यात फुगलेलं दार कसं चौकटीत अडकतं, आपण रेटत राहतो आणि एकदम धाडकन उघडतं, तसं. अडकलेलं असताना वरची प्लेट ओढली जाते, वाकते. ते वाकणं आम्ही मोजायचो.

खडकात भोक पाडून स्टीलची खुंटी पक्की करायची. तिच्यावर ट्रायपॉड, त्यावर जीपीएसचा अँटेना, खाली प्लास्टिकने झाकलेली गाडीची बॅटरी. तीन दिवस नोंद घ्यायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच खुंटीवर यायचं. बोट वेळेवर नाही, पाऊस आहेच, केबल उंदीर कुरतडतात. एका वर्षी अँटेनाची उंची मी टेपवर १.३२४ मीटर वाचली आणि वहीत १.२३४ लिहिली. नऊ सेंटीमीटर! ते बेट एका वर्षात एवढं हललं कसं, म्हणून आम्ही चौघं दोन महिने डोकं खाजवत होतो. शेवटी माझंच अक्षर सापडलं.

मग २६ डिसेंबर २००४ आला. ९.१ तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमात्रापासून अंदमानच्या उत्तर टोकापर्यंत सुमारे १३०० किलोमीटरची भेग सुटली. काही आठवड्यांनी आम्ही परत गेलो, तर ज्या खुंट्यांचा हिशेब मिलिमीटरमध्ये ठेवायचो, त्या काही मीटर सरकल्या होत्या. पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाटची भातशेती भरतीच्या पाण्याखाली. दक्षिणेला इंदिरा पॉइंटची जमीन सुमारे सव्वाचार मीटर खचलेली, दीपगृहाचा पाया पाण्यात. आणि उत्तर अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर नेमकं उलट. तिथे तळ वर आला होता, ओहोटीलाही कधी उघडा न पडणारा प्रवाळ उन्हात पांढराफटक पडला होता. त्याच्यावरून चालताना बुटाखाली कुरकुर आवाज येई. सडलेल्या मासळीचा वास मात्र कपड्यांतून जाईना.

पण त्या मेलेल्या प्रवाळानेच आम्हाला मोजमाप दिलं. प्रवाळ ओहोटीच्या पातळीपर्यंतच वाढतो. त्यामुळे मेलेला माथा पाण्यापासून किती वर आलाय हे मोजलं की जमीन किती उचलली ते कळतं. जिथे आमची एकही खुंटी नव्हती, तिथे ती निसर्गाने आधीच ठोकून ठेवली होती.

कोकणात त्सुनामी येईल का? – एक वाचक, गुहागर

आपल्या किनाऱ्याखाली सबडक्शन झोन नाही. अरबी समुद्रातला तो उत्तरेला, पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यापाशी आहे. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे तिथे ८.१ चा भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत आली. माणसं वाहून गेली. म्हणजे 'येणारच नाही' असं मी म्हणणार नाही.

आपल्या बाजूने एक गोष्ट आहे. खोल समुद्रात, समजा ४००० मीटर पाण्यात, लाट ताशी ७०० किलोमीटरने धावते. मुंबईसमोर मात्र जवळजवळ ३०० किलोमीटर रुंद उथळ समुद्र आहे. तिथे तिचा वेग ताशी शंभरेक किलोमीटरवर येतो. १९४५ मध्येही ती पोहोचायला काही तास लागले, पण तेव्हा कळवणारं कुणी नव्हतं. ऑक्टोबर २००७ पासून हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती संस्थेत त्सुनामीचं इशारा केंद्र चोवीस तास चालू असतं.

नुसता तीव्रतेचा आकडा ऐकून घाबरू नका. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राजवळ ८.६ चा भूकंप झाला, पण तळ मुख्यतः आडवा सरकल्याने त्सुनामी किरकोळ आली. पाणी उचलायला तळ वरखाली व्हावा लागतो.

किल्लारीचा भूकंप अनंत चतुर्दशीच्या रात्री झाला, त्सुनामी दत्तजयंतीला आली. पौर्णिमेचा संबंध नाही कसा म्हणता? – एक वाचक, लातूर

तुमच्या दोन्ही तारखा बरोबर आहेत, आणि किल्लारी ज्यांनी भोगली त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. चंद्र-सूर्यामुळे खडकावर थोडा ताण येतो हेही खरं. पण शेकडो वर्षं साठलेल्या ताणापुढे तो फारच किरकोळ. कोयनेचा भूकंप पौर्णिमेच्या सहा दिवस आधीचा, भूजचा २६ जानेवारी २००१ चा अमावास्येनंतर दोन दिवसांनी, जपानचा ११ मार्च २०११ चा पौर्णिमेच्या आठ दिवस आधीचा. पौर्णिमेचे लक्षात राहतात, बाकीच्यांची तिथी कोण पाहतो?

मुलीला यात शिकायचंय. काय घ्यावं? – एक आई, पुणे

गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं करू द्या, भूगर्भशास्त्र नंतर जमतं. पुढे भूभौतिकीची एम.एस्सी. किंवा एम.एस्सी. टेक. पनवेलची भूचुंबकत्व संस्था तुम्हाला जवळ आहे, एकदा दाखवून आणा. बोट लागते का, हे मात्र आधी अलिबागच्या फेरीत पाहून घ्या. मला निवृत्त होईपर्यंत लागत होती.