दुपटं सुटत नाही, म्हणून जीव टांगणीला

अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन आई-बाबा आणि आजी असे सगळेच माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. मुलीच्या हातात एक विटकं दुपटं. त्याची एक कड झिजून नुसते दोरे उरले होते आणि मुलगी नेमकी तीच कड चिमटीत धरून चोळत होती. मधूनच ती वरच्या ओठावरून फिरवायची.

आईने बसता बसताच विचारलं, "आमची माया कुठे कमी पडतेय का? मी पुन्हा नोकरीवर जायला लागले तेव्हापासून हे वाढलंय." बाबांना पाळणाघराची काळजी, तिथली मुलं हसतील म्हणून. आजींचं मत ठाम होतं, "सवय आहे नुसती. एकदा नाहीसं केलं की दोन दिवस रडेल आणि विसरेल." तसं करूनही झालं होतं. "काऊने नेलं" असं सांगून दुपटं कपाटात वर ठेवलं, तर मुलगी रात्री दचकून उठायला लागली, दिवसा आईच्या कडेवरून उतरेना. शेवटी परत दिलं, तेव्हापासून आंघोळीलाही हातातून सुटत नव्हतं. अगदी तसंच नवं दुपटं आणलं, ते तिने भिरकावून दिलं.

मी ठोकळ्यांची टोपली खाली ठेवली आणि आई-बाबांना म्हटलं, जरा बघत बसू. मुलगी आधी मांडीवरच बसून राहिली, मग दुपट्यासकट खाली उतरली. मनोरा रचायला दोन्ही हात लागतात, तेव्हा तिने आपणहून दुपटं आईच्या मांडीवर ठेवलं. तेवढ्यात बाहेर दार धाडकन आपटलं. ती धावत आली, कड ओठाला लावली, क्षणभर थांबली आणि पुन्हा ठोकळ्यांकडे गेली.

"पाहिलंत?" मी आईला म्हटलं. "ती घाबरली, तिची तिनेच सावरली आणि खेळायला गेली. अडीच वर्षांच्या मुलीसाठी ही मोठी गोष्ट आहे."

साधारण आठव्या महिन्यापासून बाळ आई दिसेनाशी झाली की कासावीस होतं. आई म्हणजे मी नाही, ती जाऊ शकते, हे त्याला कळू लागलेलं असतं. गेलेली आई परत येते, ही खात्री मात्र सावकाश पटते. मधल्या काळात बरीच मुलं एखादी मऊ वस्तू जवळ करतात. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली यावर सविस्तर लिहिलं. त्यांनी ही गोष्ट वाढीचा निरोगी भाग मानली. अशी वस्तू धुतली तरी मुलाच्या लेखी तिच्यातलं काहीतरी तुटतं, हेही त्यांनी नोंदवलं. नवं दुपटं का चाललं नाही, याचं उत्तर तिथेच आहे. त्याला तो वास नव्हता, ती झिजलेली कड नव्हती.

आजी म्हणाल्या, "पण खायला-प्यायला सगळं वेळेवर मिळतं की तिला!" त्यांना मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांच्या प्रयोगातल्या माकडांच्या पिल्लांबद्दल सांगितलं. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात पिल्लांपुढे दोन खोट्या आया होत्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून असत. पोट भरणं वेगळं आणि जिवाला आधार वाटणं वेगळं. आजी यावर बराच वेळ गप्प होत्या.

म्हणून आईला स्पष्टच सांगितलं, दुपटं हा तुमच्या मायेतल्या उणिवेचा पुरावा नाही. ज्या मुलांना अशी वस्तू लागत नाही, तीही तितकीच ठीक असतात. लपवणं, कापणं, "शी, घाणेरडं" म्हणून हिणवणं मात्र बंद. धुवायचं असेल तर तिला सांगून, तिच्या देखत, दिवसा. पाळणाघरात ते पिशवीत राहील आणि झोपताना तिला मिळेल, एवढं तिथल्या ताईंशी बोलून ठरवा. एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मूल रडलं की हातात दुपटं कोंबून मोकळं होऊ नये. आधी आपण जवळ घ्यायचं, मग दुपटं.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपेच्या जागी मात्र सुटं कापड किंवा मऊ खेळणं ठेवू नये, श्वास कोंडण्याचा धोका असतो. लोंबणारे दोरे मोठ्या मुलांसाठीही कापून टाकावेत. या मुलीच्या कडेला आजींनीच बारीक शिवण घातली, मुलीला शेजारी बसवून.

मूल हाकेला वळून बघत नसेल, येत असलेले शब्द बोलेनासं झालं असेल, माणसांत रमत नसेल आणि दिवसभर फक्त वस्तूतच गुंतलेलं असेल, तर बालविकासतज्ज्ञांना दाखवावं. अशा वेळी तपासणी दुपट्यामुळे नव्हे, बाकीच्या लक्षणांमुळे करायची असते.

"मग सुटेल कधी?" बाबांनी निघताना विचारलं. तारीख देता येत नाही. बहुतेक मुलांची ओढ शाळेच्या पहिल्या काही वर्षांत आपोआप ओसरते. काहींना त्यानंतरही झोपताना ती वस्तू लागते. आजारपणात, घर बदललं तर किंवा धाकटं भावंड आलं तर सुटलेलं दुपटं पुन्हा मागितलं जातं. तेव्हा "आता तू मोठी झालीस ना" असं न म्हणता ते काढून द्यावं.