८५,००० किलोमीटर चाललेली स्प्लेंडर

जुनी गाडी विकत घेताना ९७.२ सीसीच्या स्प्लेंडर मोटारसायकलचे मीटर ८५,००० किलोमीटर दाखवते, केवळ एवढ्यावरून ती नाकारू नका. वेळेवर ऑइल बदललेले असे इंजिन बोअरचे काम (झिजलेला सिलिंडर आतून कोरून मोठा करणे) न निघता लाखाचा टप्पा ओलांडू शकते, आणि पुढे बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवला की पुन्हा बरीच वर्षे साथ देते. खरा घात होतो तो ऑइल कमी पडल्याने. या लहान इंजिनात जेमतेम लिटरभर ऑइल असते, त्यामुळे थोडीशी घटही महागात पडते. म्हणून दर आठवड्याला गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर लावून पातळी पाहावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

घेण्यापूर्वी इंजिन थंड असतानाच सुरू करा. सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत राहिला, तर पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील झिजल्याने ऑइल जळत आहे असे समजावे. चेन-स्प्रॉकेट (चेन आणि ती फिरवणारी दातेरी चाके) झिजलेले असल्यास घाबरू नये, मात्र पूर्ण संचच बदलावा. गाडी १५ वर्षांची झाली असेल, तर नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, हे आरसी पुस्तकात आधी तपासा.