कारच्या पुढच्या सीटच्या पाठीचे मूळ कव्हर न फाडता कसे काढावे?

कंपनीने बसवलेले कापडी कव्हर धुण्यासाठी काढायचे आहे, असे आपण विचारले आहे. सर्वप्रथम पाठीच्या बाहेरील कडेवर ‘एअरबॅग’ असे लेबल आहे का, ते पाहावे. ते असल्यास ही सीट घरी उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण त्या बाजूची शिवण एअरबॅग फुगताना नेमकी उसवावी अशा बेताने घातलेली असते आणि सीटखालच्या एअरबॅगच्या वायरींच्या कनेक्टरशी (जोडणीशी) झालेली चूक जिवावर बेतू शकते. असे काम अधिकृत सेवा केंद्राकडेच द्यावे.

एअरबॅग नसल्यास हेडरेस्टच्या दांड्याजवळचे बटण दाबून तो उपसून घ्यावा. पाठीमागे प्लास्टिकचे पॅनेल असेल, तर त्याचे स्क्रू व क्लिपा आधी सोडवाव्यात. नंतर पाठीच्या खालच्या कडेला चाचपल्यास कापडाच्या टोकांना शिवलेल्या, एकमेकींत अडकवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या लागतात (काही गाड्यांत तेथे चेन असते). त्या सोडवून कव्हर मोज्यासारखे उलटे करत वर सरकवावे.

खरी कसोटी पुढच्या खाचांत असते. तेथे कव्हर फोममधल्या तारेला धातूच्या कड्यांनी बांधलेले असते आणि ओढाताण केल्यास फोमच फाटतो, म्हणून प्रत्येक कडी कटरने तोडावी व परत बसवताना नव्या कड्या किंवा मजबूत केबल टाय वापरावेत. शेवटी हेडरेस्टच्या प्लास्टिकच्या नळ्यांची खालची टोके फोमखालून हात घालून चिमटावीत, म्हणजे त्या वर निघतात आणि कव्हर मोकळे होते.