महाभियोग चालवताना खुर्चीत कोण बसतं?

प्रश्न : अमेरिकेत सिनेटचे, म्हणजे महाभियोगाचा खटला चालवणाऱ्या वरिष्ठ सभागृहाचे, अध्यक्ष उपराष्ट्राध्यक्षच असतात. मग राष्ट्राध्यक्षांवरच्या महाभियोगात सरन्यायाधीश कशाला?

कारण राष्ट्राध्यक्ष दोषी ठरले की त्यांची जागा उपराष्ट्राध्यक्षांनाच मिळते. असा माणूस खुर्चीत बसला तर तो आपल्याच पोळीवर तूप ओढणार, हा संशय येणारच. म्हणून घटनेने या एका खटल्यापुरते सरन्यायाधीश आणून बसवले. तरी फट राहिलीच. 1868 मध्ये अँड्र्यू जॉन्सन यांच्या वेळी उपराष्ट्राध्यक्षपद रिकामं होतं, त्यामुळे पुढचे वारस होते सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड. खुर्चीत सरन्यायाधीश सॅमन चेस होते, पण वेड मतदानाला बसले आणि त्यांनी ‘दोषी’ म्हटलं! 35 विरुद्ध 19, पण दोषी ठरवायला लागत होती दोन-तृतीयांश, म्हणजे 36. जॉन्सन एका मताने वाचले.

प्रश्न : म्हणजे निकाल सरन्यायाधीश देतात?

नाही. निकाल सिनेटरांचा, तोही हजर असलेल्यांच्या दोन-तृतीयांश मतांनी. सरन्यायाधीश हरकतींवर निर्णय देतात, पण सिनेट तो साध्या बहुमताने फिरवू शकते. समसमान मतं पडली तर? चेस यांनी दोनदा स्वतःचं मत टाकलं. 2020 मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या खटल्यात सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी आपण तसं करणार नाही, असं सांगून टाकलं. मला रॉबर्ट्स यांचं पटतं. 1999 च्या क्लिंटन खटल्यात तेव्हाचे सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांच्या निर्णयांपेक्षा लोकांच्या लक्षात राहिल्या त्या त्यांच्या काळ्या झग्याच्या बाह्यांवरच्या सोनेरी पट्ट्या, प्रत्येक बाहीवर चार. एका विनोदी संगीतिकेतल्या पात्राचा पोशाख पाहून त्यांनी त्या हौसेने लावून घेतल्या होत्या.

प्रश्न : 2021 मध्ये ट्रम्प यांच्या दुसऱ्या खटल्याला रॉबर्ट्स का नव्हते?

खटला फेब्रुवारीत उभा राहिला तेव्हा ट्रम्प माजी झाले होते, आणि घटनेतली अट विद्यमान राष्ट्राध्यक्षांपुरती धरली गेली. खुर्चीत बसले सिनेटचे हंगामी अध्यक्ष पॅट्रिक लेही. त्यांनी मतही दिलं, ‘दोषी’. 57 विरुद्ध 43, म्हणजे दोन-तृतीयांशाला दहा कमी. नियमात बसलं, पण दिसायला बरं दिसलं नाही.

प्रश्न : आपल्याकडे काय?

राष्ट्रपतींवरच्या महाभियोगाची पद्धत सांगणाऱ्या आपल्या घटनेच्या कलम 61 मध्ये सरन्यायाधीश कुठेच नाहीत. एक सभागृह आरोप ठेवतं, दुसरं चौकशी करतं. ती राज्यसभेकडे आली तर सभापती कोण? उपराष्ट्रपती! आणि राष्ट्रपतिपद रिकामं झालं की नवी निवड होईपर्यंत ते सांभाळणारेही तेच. स्वतःला हटवण्याचा ठराव चर्चेला असेल तेव्हा त्यांनी पीठासीन होऊ नये, असं कलम 92 सांगतं. राष्ट्रपतींवरच्या महाभियोगाबद्दल मात्र ते गप्प आहे. आजवर एकाही राष्ट्रपतींवर महाभियोग झालेला नाही, त्यामुळे ही गाठ अजून कुणाला सोडवावी लागलेली नाही.